व्यापक प्रसिद्धी द्यावी

ग्रामसेवक म्हणजे नेमका कोण, हे मला सगळी हयात त्या नोकरीत घालवूनही एका वाक्यात सांगता येत नाही. तलाठी जमिनीचा, मास्तर शाळेचा, पोस्टमन पत्रांचा. उरलेलं सगळं ग्रामसेवकाचं. गावात मूल जन्मलं की नोंद त्याने करायची, म्हातारं माणूस गेलं की तीही त्यानेच. घरपट्टी त्याने गोळा करायची, विहिरीत औषध त्याने टाकायचं, ग्रामपंचायतीच्या सभेत कोण काय बोललं ते वहीत त्याने लिहायचं, आणि सरपंच रागावले तर ते ऐकूनही त्यानेच घ्यायचं. लोक आम्हाला भाऊसाहेब म्हणतात. साहेब म्हटल्यावर माणूस थोडा ताठ होतो आणि भाऊ म्हटल्यावर वाकतो. त्या दोन्हींच्या मध्ये आमचा कणा कायमचा तिरका झालेला असतो.

मी सांगतोय ते पोलादपूर तालुक्यातल्या एका गावाचं. खरं नाव देत नाही, उंबरखोल म्हणू. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एस्टीतून उतरायचं आणि खाली दरीत अर्धा तास चालत जायचं, असं ते गाव. माझ्याकडे आणखी दोन गावं होती, पण पंचायतीचं दप्तर मोठं ते उंबरखोलचं.

दर सोमवारी पोलादपूरला पंचायत समितीत आमची हजेरी असे. परत निघताना प्रत्येकाच्या पिशवीत परिपत्रकांचा गठ्ठा पडे. सायक्लोस्टाईल केलेली, शाई पसरलेली ती पानं. विषय काहीही असे. उंदरांचा बंदोबस्त, कुटुंबनियोजन, सुधारित भाताचं बियाणं, आंधळ्या-पांगळ्यांसाठी सवलती. पण शेवटचं वाक्य सगळ्यांचं एकच: ‘सदर बाबीस ग्रामीण भागात व्यापक प्रसिद्धी द्यावी.’

ती आम्ही कशी देत असू, तेही सांगून टाकतो. एक प्रत खळ लावून पंचायतीच्या फलकावर चिकटवायची. दुसरी फायलीत लावायची आणि तिच्यावर ‘प्रसिद्धी दिली’ असं लिहून सही ठोकायची. फलक पंचायतीच्या खोलीत आत होता आणि खोलीची किल्ली माझ्या खिशात. मी दुसऱ्या गावी गेलो की प्रसिद्धी कुलपात.

सरपंच होते आबा. पन्नाशी उलटलेले, अंगाने दणकट, नदीकाठची चांगली भातखाचरं असलेले. माणूस वाईट नव्हता. कुणाला साप चावला तर आबांचे गडी डोली करून त्याला घाटरस्त्यावर पोचवत. कुणाच्या मुलीचं लग्न अडलं तर आबा मध्ये पडत. सरपंचपद त्यांच्याकडे दहा-बारा वर्षं होतं आणि ते जावं असं कुणाला फारसं वाटतही नव्हतं. सरकारकडून गावात जे काही येई ते ‘आबांनी आणलं’ असंच लोक म्हणत. आबाही ते खोडून काढत नसत.

गावापासून वर, वहाळ ओलांडून तासाभराच्या चढावर एक वाडी होती. तिला वरचा कोंड म्हणत. सत्तरेक उंबरे, सगळे नाचणी-वरीवर जगणारे शेतकरी. पुरुष बहुतेक मुंबईला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. वर उरलेल्या बायका, म्हातारी आणि गुरं. पावसाळ्यात वहाळ भरला की कोंडाचा गावाशी संबंध दोन-दोन दिवस तुटे.

मी रुजू झालो त्याच वर्षी एक निवडणूक झाली. मतदान गावच्या शाळेत होतं. पाण्याची, टेबलखुर्च्यांची सोय बघायला मी दिवसभर तिथेच होतो. संध्याकाळी मतदान संपलं तेव्हा केंद्राध्यक्ष म्हणून आलेल्या दुसऱ्या गावच्या हेडमास्तरांनी मतदारयादी माझ्यापुढे धरली. गावठाणाच्या पानांवर बऱ्यापैकी खुणा होत्या. गावच्या बौद्धवाडीच्या पानावर तर एक नाव सुटलेलं नव्हतं. कोंडाची पानं मात्र कोरी.

“या कोंडावर माणसं राहतात ना?” त्यांनी विचारलं.

मला त्याचं फार नवल वाटलं, आणि रागही आला. मी महाडच्या बौद्ध वस्तीतला. वडील लाकडाच्या वखारीत ओझी वाहायचे. मतदानाच्या दिवशी ते मार्चमध्ये चवदार तळ्यावर जाताना घालायचे तेच धुतलेले कपडे घालून निघत, आणि दहा वाजायच्या आत अख्ख्या वस्तीच्या बोटांना शाई लागलेली असे. मत का द्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते तळ्याच्या पाण्याबरोबरच आलं होतं. त्यामुळे मत न देणारा माणूस म्हणजे आळशी, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि कोंडाचा विषय मिटवला.

तो पुन्हा उघडला तो भागीआजीमुळे.

एकदा घरपट्टीसाठी मी कोंडावर गेलो होतो. भागीआजी म्हणजे एकटी राहणारी विधवा म्हातारी, साठी कधीच ओलांडलेली. मी पावती दिली तर तिने ती नाकाला टेकवून पाहिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा दिसत होता. मी सहज बोलून गेलो की आजी, महाडला डोळ्यांचं मोफत शिबिर होतं, ऑपरेशन फुकट, राहण्याजेवण्याची सोयही होती.

ती पावतीची घडी घालत होती, ती थांबली.

“व्हतं? म्हंजे झालं काय?”

“हो. मागच्या महिन्यात.”

“तुला कवा कळलंवतं?”

खोटं बोलायला हरकत नव्हती, तिला कुठे पडताळून बघायचं होतं. पण माझ्या तोंडून खरं निघालं. म्हटलं, तीन महिन्यांपूर्वी कागद आला होता.

आजीने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. म्हणाली, “आमाला कोनी सांगितलं नाय रे.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस उशिरा आला असं सांगावं, तशी ती म्हणाली आणि मला पाणी आणायला आत गेली. भिंत चाचपत गेली.

त्या परिपत्रकावर ‘प्रसिद्धी दिली’ असं माझ्या हातचं होतं. तारखेसकट.

पुढच्या वर्षीच्या शिबिराला मी तिला स्वतः घेऊन गेलो. उजवा डोळा डॉक्टरांनी वाचवला. डावा तपासून ते म्हणाले, हिला सहा महिने आधी आणायला हवं होतं. मी बरं म्हटलं.

पण ते वर्ष उलटायच्या कितीतरी आधीच, भागीआजीच्या घरून परतलो त्याच आठवड्यापासून, मी एक सुरू केलं. दर शुक्रवारी उन्हं कलली की पिशवी घेऊन कोंडावर जायचं आणि आलेली परिपत्रकं मोठ्याने वाचायची. बायका रानातून परतलेल्या असत आणि चुली अजून पेटलेल्या नसत, ती वेळ बरी. वाचायचं म्हणजे जसंच्या तसं नव्हे. ‘उपरोक्त संदर्भान्वये’ वगैरे गाळायचं आणि मधला अर्थ घरगुती भाषेत सांगायचा. सुरुवातीला मी देवळाच्या पायरीवर बसे आणि समोर शेरडं असत. पहिलंच परिपत्रक उंदरांच्या बंदोबस्ताचं निघालं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, भाऊसाहेब, त्या उंदरांनाच वाचून दाखवा. आणि उठून गेला.

पण चौथ्या-पाचव्या शुक्रवारी सुंदराबाई आली. तिची ओळख करून द्यायला हवी. पस्तिशीची बाई, नवरा मुंबईला गोदीत, घरात सासू आणि दोन मुलं. लहानपणी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली आणि नंतर सगळी अक्षरं विसरलेली. तिला एक खोड होती. कुठल्याही गोष्टीवर तिचा दुसरा प्रश्न तयार असे. पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा विचारणारं माणूस हजारात एखादं. ती अंगणात बसायला सांगू लागली तशा आणखी बायका येऊ लागल्या. पहिल्या दिवशी माझ्यासाठी घोंगडं अंगणाच्या कडेला टाकलेलं होतं. चार-सहा महिन्यांनी ते ओटीवर आलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही. पण मी ते पाहिलं.

रोजगार हमीचा कायदा नुकताच झाला होता. त्याचं परिपत्रक मी वाचलं, त्या दिवशी सुंदराबाईने मला ते तीनदा वाचायला लावलं. नियम साधा होता. काम हवं असलेल्या पन्नास माणसांनी नाव नोंदवून मागणी केली, तर सरकारने पंधरा दिवसांत जवळपास काम काढून द्यायचं.

“म्हंजे आबांनी आनलं तर न्हवं,” ती म्हणाली. “आमी मागितलं तर.”

“हो. मागितलं तर.”

“आनि नाय दिलं तर?”

हा तो दुसरा प्रश्न. नाही दिलं तर भत्ता द्यावा लागतो, तेही परिपत्रकात होतं. मी तेही वाचलं. बायका बराच वेळ एकमेकींशी बोलत राहिल्या. पुढच्या शुक्रवारी मी शाईचं पॅड घेऊन गेलो. साठाच्या वर अंगठे उठले. तो कागद मी पोलादपूरला तहसीलदार कचेरीत दिला आणि पोच घेतली. पंधरा दिवसांचा नियम, आमचं काम विसाव्या दिवशी आलं. सरकारी कामात पाच दिवस म्हणजे काहीच नव्हे. काम निघालं ते वहाळापासून कोंडापर्यंत जीप जाईल असा कच्चा रस्ता करायचं. ज्या चढावर मी दर शुक्रवारी धापा टाकत होतो तोच चढ. बायकांनी तो एका उन्हाळ्यात फोडला.

आबांनी मला घरी बोलावलं. चहा दिला. मग म्हणाले, “भाऊसाहेब, मला सांगायचं. मी आनलं असतं काम.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. दुखावलेला होता. मी चहा संपवून उठलो. आणायचं नव्हतंच आबा, मागायचं होतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा सुचलं नाही ते बरंच झालं.

पंचायतीची मुदत संपत आली आणि निवडणूक लागणार असं ठरलं, तेव्हा मतदारयादी हरकतींसाठी प्रसिद्ध झाली. प्रसिद्ध झाली म्हणजे माझ्या फलकावर आली. मी एक प्रत घेऊन शुक्रवारी वर गेलो आणि कोंडाची नावं घरवार वाचायला लागलो.

पाचव्या-सहाव्या नावाला सुंदराबाईच्या सासऱ्यांचं नाव आलं. ते जाऊन आठ वर्षं झाली होती.

“मामंजी अजून मताला जातात वाटतं,” ती म्हणाली. पदर तोंडाला लावून बायका हसायला लागल्या. पुढे भागीआजीचं नाव निघालं ते ‘बागी धोंडू, पुरुष’ असं. तेव्हा तर आजीसुद्धा हसली. मग आणखी एक मेलेला माणूस निघाला, मग एक मुंबईत स्थायिक होऊन जमाना झालेला. आणि हसणं हळूहळू थांबलं. कारण समोर बसलेल्या बायकांची नावं येतच नव्हती. लग्न होऊन आलेल्या सुना, घर चालवणाऱ्या, रस्ता फोडणाऱ्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त त्या यादीत नव्हत्याच. सुंदराबाईही नव्हती.

“मेलेलं मानूस यादीत हाय आनि मी जिती हाय, मी नाय,” ती म्हणाली. हे मात्र ती हसून म्हणाली नव्हती.

इतकी वर्षं मी या माणसांना मनातल्या मनात आळशी म्हणत आलो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. गावात काय मिळतं, कुणाकडे मागायचं, हेच ज्याला ठाऊक नाही तो निवडून कुणाला देणार, आणि कशासाठी? आणि एवढं करून चढ उतरून शाळेत आलाच, तर तिथे त्याचं नावच नाही. माझ्या वस्तीला हे सगळं दोन पिढ्यांपूर्वी कुणीतरी तळमळीने सांगितलं होतं. यांना सांगण्याची नोकरी माझी होती.

हरकतीला दहा-बारा दिवस उरले होते. नवी नावं घालण्याचे आणि मेलेली गाळण्याचे अर्ज मी लिहिले आणि बायका गटागटाने घाटरस्त्यावर येऊन एस्टीने पोलादपूरला गेल्या. कचेरीतल्या कारकुनाने इतक्या बायका एकदम कधी पाहिल्या नसाव्यात. त्याने पहिल्या दिवशी उद्या या म्हटलं. त्या बाहेर व्हरांड्यात भाकऱ्या सोडून बसल्या. दुपारी त्याने अर्ज घेतले.

यानंतर माझ्याविरुद्ध तक्रार गेली. आबांच्या गटातल्या एका जुन्या सदस्याने ती लिहून घेतली होती. ग्रामसेवक वाडीवर जाऊन प्रचार करतो, लोकांना सरपंचांविरुद्ध फितवतो, असा मजकूर. गटविकास अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. साहेब देशावरचे, कडक म्हणून प्रसिद्ध. मी पिशवीच घेऊन गेलो.

त्यांनी विचारलं, मत द्या असं मी लोकांना सांगतो का? नाही म्हटलं. कुणाला द्या हे सांगतो का? तेही नाही. मग दर शुक्रवारी वर जाऊन काय करतो? मी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि म्हटलं, हे वाचतो. साहेबांनी एकेक परिपत्रक उलटून पाहिलं. त्यांच्याच कचेरीतून आलेली होती, त्यांच्याच सहीची. एका कागदाच्या तळाशी त्यांनी बोट ठेवलं.

“व्यापक प्रसिद्धी द्यावी,” त्यांनी वाचलं. “हे वाक्य मीच दर वेळी घालायला सांगतो. कुणी ते मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.”

मग त्यांनी मला समजही दिली. निवडणूक होईपर्यंत कागदाबाहेरचा एक शब्द बोलायचा नाही आणि साक्षीला शाळेचे मास्तर घेऊन जायचे. बदलीचं मात्र आपल्या हातात नाही, वरून दबाव आला तर ती होईल, असंही त्यांनी सांगून टाकलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बदली झाली तर होऊ दे, आपल्याकडे सामान असं कितीसं आहे. तिच्या त्या बोलण्याने मला झोप चांगली लागली.

सुंदराबाईने अर्ज भरला तो असाच एका शुक्रवारी. वाचन संपल्यावर तिने विचारलं, वाचता न येणाऱ्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नाही, असा काही कागद आहे का? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असा कागद नाही.

“मग मी ऱ्हाते हुबी,” ती म्हणाली. सासू नको म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. सासू म्हणाली, ऱ्हा, पन रांधून जा.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या आवारात पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतो. सकाळी आठच्या सुमारास वहाळापलीकडे, त्यांनीच फोडलेल्या रस्त्यावर, रांग दिसली. बायकाच बायका, लग्नाला निघाल्यासारख्या. काहींच्या कडेवर पोरं. मुंबईहून रजा काढून आलेले पाच-सात पुरुष मागे होते आणि थोडे बावरलेले दिसत होते. भागीआजीला दोघींनी हाताला धरलं होतं. तिच्या उजव्या डोळ्यावर शिबिरातला जाड भिंगाचा चष्मा, डावा डोळा मिटलेला. केंद्राध्यक्ष नियमाप्रमाणे म्हणाले की दिसत नसेल तर शिक्का मारायला सोबतीला कुणी घेता येईल.

“एक डोळा हाय,” आजी म्हणाली. “शिक्का मारायला एक पुरतो.”

आणि ती एकटी आत गेली. मी पिंपाकडे वळून तांब्या विसळू लागलो. तो स्वच्छच होता.

दुपारी एकच्या आत कोंडाची पानं खुणांनी भरून गेली. मुंबईतले पुरुष सोडले तर एकच नाव राहिलं, ते एका बाळंतिणीचं. ती खाली येऊ शकत नव्हती, आणि तसा निरोप तिने पाठवला होता. न येण्याचं कारण कळवणारा मतदार मी त्याआधी पाहिला नव्हता.

कोंडाच्या प्रभागातून सुंदराबाई आणि एक निवृत्त गिरणीकामगार असे दोघे निवडून आले. आबा आपल्या प्रभागातून आले आणि सदस्यांनी पुन्हा त्यांनाच सरपंच केलं. कोंडाच्या दोघांनीही त्यांनाच मत दिलं. आबांशी त्यांचं वैर नव्हतंच. गावात मात्र कुजबुज सुरू झाली होती की आता पहिल्याच सभेत आबा ग्रामसेवकाला सोलून काढणार.

पहिली सभा दुपारी भरली. सात सदस्य. आमची पद्धत ठरलेली होती. इतिवृत्ताच्या वहीत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले’ असं मी आधीच लिहून ठेवायचो, न वाचता. मग वही हातोहात फिरायची आणि सह्या व्हायच्या. त्या दिवशी आबांनी सही केली, पुढच्या दोघांनी केली आणि वही सुंदराबाईकडे आली. तिने ती मांडीवर ठेवली. अंगठा पुढे केला नाही.

“यात काय लिवलंय?”

मी थोडक्यात सांगायला लागलो. ती म्हणाली, “तसं नाय. कोंडावर वाचत होता तसं वाचा. आनि मागचंबी वाचा, कोंडाचं नाव जिथं जिथं हाय तिथलं.”

तक्रार केलेला सदस्य म्हणाला की असलं वाचत बसलं तर शेवटची एस्टी जाईल. सगळे आबांकडे बघायला लागले. आबा म्हणाले, वाचू दे.

मी मागची पानं उलटत गेलो. कोंडाचं नाव फारसं कुठे नव्हतंच. मग माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या एका पानावर माझा हात थांबला. त्या वर्षी वरून परिपत्रक आलं होतं. कुठल्या वाड्यांना वहाळावर साकव हवा आहे, म्हणजे माणसांना चालत जायला छोटा पूल हवा आहे, त्याची यादी कळवा. मी तेव्हा कोंड पाहिलाही नव्हता. माहिती गोळा करायला चढ चढावा लागला असता. म्हणून मी आमच्या कचेरीतला सगळ्यात सोपा शब्द वापरला होता. निरंक. म्हणजे काही नाही.

ते पान मला उलटून पुढे जाता आलं असतं. त्या खोलीत वाचणारा मीच होतो. कुणालाही कळलं नसतं.

मी वाचलं. “मौजे उंबरखोल हद्दीतील वरचा कोंड व इतर वाड्यांस साकवाची आवश्यकता नाही. सबब माहिती निरंक कळवावी. ठराव सर्वानुमते मंजूर.”

बाहेर शाळेतली मुलं पाढे म्हणत होती. आबा म्हणाले, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं.

“ह्याच्यावर सही कुनाची हाय?”

“तुमची, आबा.”

“आनि लिवलं कुनी?”

“मी.”

सोलून काढायची वेळ आली होती आणि ती मी कमावली होती. पण ते बोलले ते वेगळंच.

“साकव नको असं मी कशाला म्हनीन?” ते म्हणाले. “माजी सख्खी बहीन दिलीय त्या कोंडावर.” मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, “मला सही येते. वाचायला येत नाय. बारा वर्सं जो येईल तो भाऊसाहेब बोट ठेवील तिथं सही केली.”

आबांना वाचता येत नाही हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. कळून घेतलं नव्हतं, हे जास्त खरं. परिपत्रकं ते बाजूला ठेवून देत, तेव्हा मला वाटे हा माणूस लोकांपासून दडवतो आहे. त्यांना स्वतःलाच कुणी ती कधी वाचून दाखवली नव्हती. मी कोंडावर दर शुक्रवारी तासभर चढून जात होतो आणि पंचायतीच्या खोलीत माझ्याशेजारी बसणाऱ्या माणसाला एक ओळ वाचून दाखवलेली नव्हती.

खोलीत कुणी हसलं नाही. सुंदराबाईने पदर सारखा केला.

“आबा, मला तर सहीबी येत नाय,” ती म्हणाली.

आबांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणता येईल. ते म्हणाले, “वाचा भाऊसाहेब. पयल्यापासनं. आनि सावकाश वाचा.”

मी वाचलं. शेवटची एस्टी गेली. तक्रार केलेला सदस्यही बसून राहिला आणि मध्येच आपल्या आळीच्या गटाराचा ठराव कुठे गेला ते विचारू लागला. तोही निरंक निघाला. संध्याकाळ व्हायच्या आधी आम्ही नवा ठराव लिहिला की कोंडाच्या वहाळावर साकव हवा आहे आणि आधी कळवलेली माहिती चुकीची होती. चूक कुणाची ते लिहावं का, असं मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, नको. दोगांचीबी हाय, किती लिवशील?

वर्षभरात माझी बदली झाली, वरंध घाटाखालच्या गावांकडे. दबावाने नव्हे, नेहमीची. जायच्या आधी भागीआजीने पिशवीत नाचणीचे पापड कोंबले आणि नवा माणूस वाचणारा आहे का, याची चौकशी केली. मी म्हटलं, आता तो वाचणारा असो नसो, तुम्ही लोक सोडणार आहात का त्याला? वरंधकडच्या गावांत मी पहिल्या महिन्यातच सगळ्या वाड्या पायांनी पाहून घेतल्या. निरंक हा शब्द त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत फार थोड्या वेळा लिहिला, आणि लिहिला तो खात्री करून.

साकव व्हायला दोन पावसाळे गेले. तो झाला तेव्हा आबांनी मला पोस्टकार्ड पाठवलं. अक्षर मास्तरांचं होतं. साकव झाला, पावसात कोंडाची पोरं शाळेत येतात, सुंदराबाईने दिवाबत्तीसाठी सगळ्यांना भंडावून सोडलं आहे, एकदा येऊन जा, असा मजकूर. त्याखाली आबांची ती मोठी, वळणदार सही. आणि सहीच्या बरोबर वर, मास्तरांच्याच अक्षरात, आबांनी सांगून घालून घेतलेली एक ओळ होती:

‘वाचून घेऊन मग सही केली.’